किनार कापलेली कांबळी

लोकरशेठनी आयुष्यात एकच गोष्ट लपवली, आणि इतकी चोख लपवली की गरज पडली तेव्हा ती त्यांनाच कुणाला दाखवता येईना. आता याला हुशारी म्हणायचं की करंटेपणा, ते तुम्हीच ठरवा.

त्यांचं खरं नाव बाजारात कुणी घेत नसे. तीन पिढ्यांचा लोकरीचा धंदा, म्हणून लोकरशेठ. कोटाचं जाड कापड आणि कांबळी, बस्स, दुसऱ्या मालाला हात लावायचे नाहीत. बाजाराच्या रस्त्यावर दुकान. पुढे लोखंडी शटर, आत लांबलचक टेबल, टेबलाच्या कडेला ठोकलेली मोजमापाची पितळी पट्टी, आणि छतापर्यंत फळ्यांवर ताग्यांवर तागे. डांबरगोळ्यांचा वास असा की नवं गिऱ्हाईक आधी शिंकायचं आणि मग भाव विचारायचं. दुकानामागे गोदाम, आणि गोदामाचं एक लहान दार मागच्या गल्लीत उघडायचं.

त्यांच्या मालाची खूण म्हणजे किनारीत विणलेले तीन निळे दोरे. त्या बाजाराची रीतच तशी होती. प्रत्येक पेढीची किनारीत आपापली खूण असायची, आणि बिनखुणेचं कापड म्हणजे चोरीचं, असा सरळ हिशोब. तसा माल कुणी फुकट दिला तरी व्यापारी हात मागे घ्यायचे. शेठनी आपल्या एकुलत्या एका मुलाला चालायला येण्याआधी हे शिकवलं होतं म्हणा ना. पोरगं टेबलावर बसून किनारीवरून बोट फिरवायचं आणि ‘आपलं’, ‘आपलं नाही’ असं ओरडायचं, आणि शेठ कौतुकानं नुसते फुलून जायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना या माणसाला क्रांतीच्या भानगडीत पडायचं काय नडलं होतं? नडलं ते शटर. सूतगिरणीतल्या मुलींचा मोर्चा दुकानासमोरून चालला होता. जुन्या सरकारच्या सैन्यानं गोळ्या झाडायला सुरुवात केली आणि सगळ्या बाजारानं धडाधड शटरं खाली ओढली. शेठनीही ओढलं. मग बाहेरून कुणीतरी त्यांच्या शटरवर हात आपटायला लागलं. ‘उघडा हो, उघडा ना!’ शेठ आत उभे, हात कडीवर. तो हात कडीवरच राहिला. थोड्या वेळानं आपटणं थांबलं. संध्याकाळी त्यांनी शटर वर केलं तेव्हा सैन्यानं रस्ता धुऊन काढला होता, पण शटरच्या खालच्या पट्टीत लांब केसांची बट अडकून राहिली होती. त्या दिवसापासून शेठना घास गोड लागला नाही. हे त्यांच्या बायकोला तेवढं माहीत होतं.

म्हणून मग एक दिवस मागच्या दारावर टकटक झाली, तेव्हा त्यांनी विचार न करता दार उघडलं. बाहेर एक हडकुळा शाळामास्तर उभा होता. त्याला पकडून देणाऱ्याला सरकारनं बक्षीस लावलं होतं. तो अख्खा हिवाळा मास्तर गोदामात गठ्ठ्यांमागे राहिला. लोकरीच्या धुळीनं खोकून खोकून बेजार व्हायचा आणि खोकला कांबळ्यात दाबायचा. शेठना ‘दादा’ म्हणायचा. ‘दादा, आम्ही जिंकलो ना, तर तुमच्या या रस्त्यावर परत कुणाला शटर ओढावं लागणार नाही.’ हिवाळा सरून मास्तर निघाला तेव्हा शेठनी त्याच्या हातात पैशांची थैली ठेवली, आणि नंतर ती दर महिन्याला जात राहिली. बंदुका आल्या, छापखाना आला, डोंगरातल्या माणसांचं जेवणखाण चाललं, ते त्या थैल्यांवर.

एवढा पैसा आणायचा कुठून? इथं शेठचं डोकं चाललं. त्यांनी सैन्याच्या कोटांच्या कापडाचा ठेकाच घेतला. पुढच्या दारानं सरकारचा पैसा आत यायचा आणि मागच्या दारानं सरकारच्याच मुळावर जायचा. कुणाला संशय घ्यायला जागाच नाही. उलट बाजार म्हणायचा, बघा, कसे लाळ घोटतात! जवळचे लोक नमस्कार करायचे बंद झाले. शेठनी तेही गिळलं.

डोंगरातल्या बंडखोरांना कांबळीही जायची. पण कुणी पकडला गेला आणि त्याच्या अंगावर तीन निळे दोरे निघाले तर? गिरणीला ‘किनार नको’ सांगावं तर विणकर विचारणार, का नको. मग शेठ आणि त्यांची बायको दुपारी जेवणाच्या सुट्टीत दुकान बंद करून बसायचे. शेठ कात्रीनं किनार कापायचे, बायको उघडी पडलेली कड दुमडून शिवायची. तिचा टाका ठरलेला, चार सुलटे आणि एक उलटा, आईनं शिकवलेला. बोटांना भोकं पडली बिचारीच्या. कापलेल्या किनारी चुलीत जायच्या आणि घरभर जळक्या लोकरीचा वास राहायचा.

एकदा तिनं विचारलं होतं, ‘अहो, मग त्या कोटांच्या कापडावरची खूण कशाला ठेवताय? तीही काढू या की.’

शेठ हसले होते. ‘वेड लागलंय का? बिनखुणेचा माल विकू? बाजार तोंडात शेण घालेल माझ्या.’

व्यापाऱ्याची जात! जीव धोक्यात घालायला तयार, पण बिनखुणेचा तागा टेबलावरून पुढे सरकवायला तयार नाही.

मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. पोरगं तोंडाचं फाटकं. पोटात काही राहायचं नाही त्याच्या, मनात आलं की बाहेर. शिवाय त्याचं रक्त उसळत होतं. सैन्याला कापड विकायचं म्हटलं की ताट बाजूला सारायचा. एकदा चिठ्ठी न ठेवता डोंगराकडे निघाला, तर शेठनी त्याला बसच्या थांब्यावर गाठलं, कॉलर धरली आणि सगळ्या लोकांदेखत फरफटत घरी आणलं. डोंगरात पोरं पाखरांसारखी मरत होती, ते शेठना मास्तरकडून कळत होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठेक्याचे सगळे कागद मुलाच्या सहीनं करायला लावले. सरकारच्या नजरेत पोरगं सरकारचंच दिसावं, त्याच्या केसाला धक्का लागू नये, एवढाच त्यांचा विचार. मुलानं सही केली आणि त्यानंतर तो बापाशी कामापुरतंच बोलला.

मग मास्तरची माणसं जिंकली. रस्त्यावर माणूस मावेना. लोक ओळख नसलेल्यांच्या गळ्यात पडून रडत होते. शेठ दुकानाच्या पायरीवर उभे राहून बघत होते आणि त्यांच्या छातीत इतकं भरून आलं होतं की त्यांना खाली बसावं लागलं. आता मास्तर येईल, त्यांना वाटलं. येईल आणि पोराच्या देखत ‘दादा’ म्हणेल, तेवढंच पुरे. मास्तर आला नाही. मोठ्या कचेरीत बसायला लागला. कामात असेल, शेठ म्हणाले.

आणि मग एका गावातल्या बायका मोठ्या चौकात आल्या. जुन्या सैन्यानं पळता पळता त्यांचं गाव जाळलं होतं, घरात माणसं असताना. मेलेल्या शिपायांचे कोट त्या बायकांनी गोळा करून आणले होते. त्यांनी ते चौकात टाकले आणि विचारलं, ‘यांना कपडे कुणी घातले?’ शिवणीच्या आत किनार शाबूत होती. तीन निळे दोरे. बाजारातल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं ते कुणाचे.

त्याच दुपारी नव्या सरकारच्या चौकशी समितीची माणसं दुकानात आली. कागदांवर सही मुलाची होती, म्हणून मुलाला घेऊन गेली. शेठ ‘अहो, मी, मी’ म्हणत त्यांच्या मागे रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पळाले. कुणी वळून बघितलं नाही. त्याच आठवड्यात सैन्याच्या पिठाचा ठेका घेतलेल्या माणसाला समितीनं भिंतीशी उभं करून गोळी घातली.

बायको त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलली. चहाचा कप तिनं त्यांच्यापुढे आपटला. ‘पापावर छाप ठेवलीत आणि पुण्यावरची कापलीत. ती पण माझ्याकडून शिवून घेतलीत.’ एवढं बोलून ती पदरात तोंड घालून हमसून हमसून रडायला लागली, आणि शेठना तिच्या खांद्यावर हात ठेवायचंही धाडस झालं नाही.

तुरुंगात मुलाला भेटायला मिळालं. मधे जाळी. पोराचे डोळे खोल गेले होते.

‘बाळा, ऐक माझं,’ शेठ जाळीला तोंड लावून म्हणाले. ‘तो ठेका मी त्यांच्यासाठीच घेतला होता. मास्तरसाठी. सगळा पैसा डोंगरात जात होता. मास्तर आपल्या गोदामात राहायचे, तुझ्या नाकाखाली.’

मुलगा हसला. ते हसू शेठना मारापेक्षा लागलं.

‘बाबा, आता तरी थापा मारू नका. मला जाऊ दिलं असतंत तर मी डोंगरात मेलो असतो, पण माणसासारखा मेलो असतो. आता त्या बायका माझ्या तोंडावर थुंकून गेल्या. तुमच्या कापडापायी.’

‘देवाशपथ खरं सांगतोय रे.’

‘मग आणा की तुमच्या मास्तरांना. सांगू दे त्यांना.’

शेठ मास्तरकडे गेले. पुढच्या दारावर पहारेकऱ्यानं नाव विचारलं, आत निरोप गेला आणि उत्तर आलं, मागून या. शेठ मागून गेले. जिन्यावर फिनाइलचा वास येत होता. मास्तर मोठ्या टेबलामागे बसला होता, अंगानं भरला होता, पण खोकला तोच. शेठना बघून तो उठला, त्यानं दार स्वतः लावलं आणि परत बसला.

‘शेठ, बसा,’ तो म्हणाला.

दादा नाही. शेठ. तिथंच लोकरशेठना काय ते कळून चुकलं, पण पोरासाठी आलेला माणूस, कळलं तरी मागे फिरत नाही.

‘मास्तर, पोराला सोडवा. तुम्हाला सगळं ठाऊक आहे. एक शब्द टाका, बस्स.’

मास्तर टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवत राहिला. ‘मी विसरलोय असं समजू नका. मी काहीही विसरलेलो नाही. पण बाहेर लोक काय मानतात माहीत आहे? बायकांनी डब्यात टाकलेल्या चिल्लरवर हा लढा झाला. शाळेच्या पुस्तकात आलंय ते आता. मी उठून सांगू, की लढ्याचा पैसा सैन्याच्या कोटांतून आला? ज्या कोटांतल्या माणसांनी ते गाव जाळलं?’

हा विचार शेठनी स्वतः केला नव्हता असं नाही, पण तो मास्तरच्या तोंडून ऐकायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

‘समितीतले अर्धे लोक माझ्या मागे टपून बसलेत,’ मास्तर पुढे म्हणाला. आवाज खाली आला होता, घाबरलेल्या माणसाचा येतो तसा. ‘हे बाहेर पडलं तर माझी मान जाईल, आणि मग तुमच्या पोराला वाचवायला कुणीच उरणार नाही. शेठ, एक विचारू? सही मुलाची. हुकूम कुणाचा होता?’

‘माझा.’

‘मग तेवढंच सांगा समितीला. ते खरंच आहे. पोराचा विरोध होता, तुम्ही जबरदस्ती केलीत. पोरगं सुटेल. तुम्हाला गोळी होणार नाही एवढं मी बघतो. त्याच्यापुढे माझा हात जात नाही.’

‘आणि बाकीचं?’

‘बाकीचं नाहीच. तुम्हीही विसरा, वहिनींनाही सांगा. पोराच्या कानावर तर चुकूनही नको. तो गप्प बसणाऱ्यांतला नाही, तुम्हीच सांगायचात.’

शेठ उठले. दाराशी जाऊन थांबले आणि म्हणाले, ‘मास्तर, त्या हिवाळ्यात मी दार उघडलं नसतं तर?’

मास्तरनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही बोलायचं. पण त्या पाण्याचा शेठना काही उपयोग नव्हता.

समितीपुढे सुनावणी जुन्या नाट्यगृहात झाली, कारण लोक फार जमले होते. शेठनी सांगितलं, लोभापायी ठेका घेतला, मुलाला दमदाटी करून सही घेतली. मग मुलाला उभं केलं.

‘हुकूम कुणाचा होता?’

‘बाबांचा.’

‘तुझा विरोध होता?’

‘होता. मी डोंगरात निघालो होतो. त्यांनी मला बसच्या थांब्यावरून कॉलर धरून परत आणलं. आम्हाला कुणी नमस्कार करत नव्हतं, तरी त्यांना लाज नव्हती. समोरच्या रस्त्यावर मुली मेल्या तेव्हा यांनी शटर उघडलं नव्हतं. मी तेव्हा आत होतो, माळ्यावर. मी बघितलंय.’

शेठना हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं पोरानं ते पोटात ठेवलं होतं, ज्या पोराच्या पोटात काही राहत नाही म्हणून बापानं त्याला काही सांगितलं नव्हतं! त्यांनी समोरचा कठडा धरला. पोरगं खणखणीत बोलत होतं, एकही शब्द खोटा नव्हता, आणि लोक टाळ्या वाजवत होते. इतक्या हलकल्लोळात त्यांना एक वेडगळ विचार आला, की काय सुरेख बोलतो माझा मुलगा. मुलगा सुटला. जाताना तो शेठच्या अगदी जवळून गेला आणि त्यानं मान वळवली नाही.

शेठना जन्मठेप झाली. दुकानाची पाटी उतरली, तागे सरकारजमा झाले.

तुरुंगात थंडी आली तशी कांबळी वाटली गेली. शेठच्या वाट्याला आलेलं कांबळं त्यांनी अंगावर घेतलं, आणि सवयीनं बोट किनारीवर गेलं. किनार नव्हती. कापून दुमडलेली कड होती. बोट पुढे सरकलं. चार सुलटे, एक उलटा. शेठ ते कांबळं तोंडावर ओढून रडले, आणि शेजारच्या कैद्यानं ‘म्हातारबा, झोपू द्या की’ म्हणेपर्यंत रडत राहिले.

बायको भेटीला आली ती थंडीच्या शेवटाला. वाळली होती. जाळीपाशी एक पहारेकरी कान देऊन उभा होता. तिनं इकडचं तिकडचं सांगितलं. मग म्हणाली, ‘त्याला नोकरी लागली. सरकारी कापडाच्या कोठारात. मालातलं कळतं म्हणून सगळी वाटणी त्याच्याकडे दिलीय.’

‘जेवतो ना नीट?’

‘जेवतो. तुमचं नाव काढलं की ताटावरून उठतो.’ ती जाळीच्या आणखी जवळ आली. ‘सांगू का हो? एकदाच, त्याच्या कानात?’

‘नको. चौकात जाऊन ओरडेल. आणि मग ते त्याला परत आणतील इथं. तोंडाला कुलूप घाल.’

‘माझ्या डोळ्यांदेखत तुम्हाला शिव्या देतो. मी भाकरी वाढत असते.’

‘वाढ. गप्प राहा आणि वाढ.’

तिनं डोळे पुसले आणि तेव्हा तिचं लक्ष त्यांच्या खांद्यावरच्या कांबळ्याकडे गेलं. कडेकडे. तिचं बोट जाळीतून जेवढं आत जाईल तेवढं आत आलं. पहारेकरी खाकरला तसं तिनं ते मागे घेतलं.

‘ही त्यानंच पाठवली,’ ती म्हणाली. ‘डोंगरातून परत आलेल्या मालात होती म्हणे. घरी येऊन सांगत होता. चांगली कांबळी दवाखान्यात दिली, आणि ही बिनखुणेची तुरुंगात. म्हणाला, खूण नाही म्हणजे चोरीचा माल, चोरांनाच पांघरू दे. एवढं एक बाबांनी शिकवलंय.’

शेठनी कांबळं छातीशी ओढून घेतलं. पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं.

‘बरोबर शिकलाय,’ शेठ म्हणाले. ‘मीच शिकवलं होतं.’